बारा नंबरवाली मंगल कशी शोधायची

ताई, तुमचा प्रश्न मी सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवला. ‘बारा नंबरवाली मंगल’ ऐकलं आणि ती सोलत असलेला वाटाणा बाजूला ठेवून म्हणाली, “प्रत्येक लायनीत एक मंगल असतेच.” (लायन म्हणजे फौजी क्वार्टरांची रांग.) तेव्हा उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी तुमचं म्हणणं मला कसं समजलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही घणसोलीला राहता. सासरे मराठा लाईट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, दोन वर्षांपूर्वी वारले. सासूबाई ७४ वर्षांच्या. १९८४ ते ८७ त्या जालंधर कॅन्टोन्मेंटला फॅमिली क्वार्टरमध्ये होत्या, चौदा नंबरला. आता दिवसभर त्यांच्या तोंडी बारा नंबरवाल्या मंगलचं नाव असतं. पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही विचारलंत. आठ जणांनी हात जोडले, एकानं तिरंगा पाठवला, पत्ता कुणीच दिला नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारता: मंगल सापडेल का, रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) तिचा पत्ता देईल का, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या अशा बायकांना महिन्यातून एकदा एकत्र आणता येईल का.

मी हवालदार क्लार्क होऊन पेन्शनीवर आलो. मीही मराठा लाईट इन्फन्ट्रीचाच, पण पलटण दुसरी. नंतर चौदा वर्षं ठाणे जिल्ह्यात कल्याण संघटक होतो. हे पद पुष्कळांना ठाऊक नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा जो माणूस खांद्याला पिशवी लावून तालुक्या-तालुक्याला फिरतो, माजी सैनिकांची आणि विधवांची कागदपत्रं बघतो, तो संघटक. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला; त्याआधी आमचा भाग जव्हार-मोखाड्यापासून ऐरोलीपर्यंत. त्या पिशवीतून पेन्शनीची कामं झाली तेवढीच ही ‘अमकी कुठे असेल हो’ची कामंही झाली. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

आता मुद्दा. पलटणीचा ग्रुप हा जवानांचा ग्रुप आहे. त्यात नंबर आहेत ते जवानांचे. जवान गेला की त्याचा फोन मुलाकडे जातो, नाहीतर रिचार्ज न मारल्यामुळे बंद पडतो. बायकोचा स्वतःचा नंबर त्या ग्रुपमध्ये कधी नव्हताच. म्हणजे नवऱ्याच्या दहाव्याला पन्नास फौजी येतात, वर्षश्राद्धाला पाच, आणि नंतर ती बाई पलटणीच्या नकाशावरून पुसली जाते. मंगलच्या बाबतीत बहुधा हेच झालंय. गंमत अशी की मंगलच्या घरीही कुणीतरी चौदा नंबरवालीला शोधत असेल आणि तिथंही लोक हात जोडत असतील.

त्यामुळे शोध जवानांच्या ग्रुपवरून सुरू करू नका. घरातून सुरू करा, माळ्यावरून. फौजीच्या घरात काळी लोखंडी ट्रंक असते, तुमच्याकडेही असेल. गादी घालून तिचा दिवाण झाला असेल किंवा तिच्यावर गणपतीचं मखर ठेवलं असेल. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि युनिट रंगवलेलं असतं. ते टिपून घ्या. मग ट्रंक उघडा. आत तीन गोष्टी शोधायच्या. एक, पलटणीचा ग्रुप फोटो. रेझिंग डेचा (पलटणीच्या स्थापना दिनाचा), बदलीच्या वेळचा, कसलाही. त्याखाली रांगेनुसार नावं छापलेली असतात. सासूबाईंना फोटो दाखवून ‘मंगलचा नवरा कोणता’ एवढंच विचारा. बायकांना नवऱ्यांची नावं घ्यायची सवय नव्हती, पण बोट बरोबर ठेवतील. दोन, डिस्चार्ज बुक. त्यात सासऱ्यांच्या नोकरीचा तपशील असतो. तीन, जुनी पत्रं. पाकिटावर ‘द्वारा ५६ एपीओ’ (फौजेचं टपाल कार्यालय) असेल, त्यावरून ठिकाण कळणार नाही. तो पत्ता मुळी ठिकाण कळू नये म्हणूनच असतो. पण पाठवणाऱ्याचा नंबर आणि युनिट असेल. आणि मंगलनं गावाहून कधी पत्र टाकलं असेल तर पोस्टाचा शिक्का भिंगाखाली धरा. मला एकदा अशाच अर्धवट शिक्क्यावरून ‘पाटण’ वाचता आलं आणि काम झालं.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलोय. पहिला नंबराचा. शिपाई, नाईक, हवालदार यांना एक नंबर असतो. तोच माणूस नायब सुभेदार झाला की त्याला नवा जेसी नंबर, म्हणजे जेसीओचा (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा) नंबर मिळतो. ८५ सालच्या पत्रावर मंगलच्या नवऱ्याचा हवालदाराचा नंबर असेल आणि तो पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला असेल, तर त्या जुन्या नंबरावर पेन्शनच्या कागदात शोधणारा म्हणेल, असा माणूस नाही. म्हणून ‘हा त्यांचा जुना नंबर, पुढे जेसीओ झाले असल्यास नवा माहीत नाही’ असं स्पष्ट लिहायचं. नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, तेही उतरवायला विसरू नका.

दुसरा खड्डा नावाचा, आणि हा जास्त खोल. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलायची रीत. माहेरची शकुंतला, सासरची मंगल, लाडाची बेबी. जवानानं लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (कुटुंबाची फौजेत होणारी नोंद) करताना यातलं जे नाव सांगितलं ते फौजेच्या कागदात चढलं. कितीतरी बायकांची फॅमिली पेन्शन याच एका कारणानं महिनोन्‌महिने अडकलेली मी पाहिलीय. आधारवर एक नाव, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) दुसरं, गावात हाक तिसरीच. (तुमच्या सासूबाईंचंही एकदा पडताळून घ्या, आत्ताच.) तेव्हा कागदात मंगल ही ‘मंगल’ असेलच असं धरू नका. नवऱ्याचं नाव आणि गाव यांवर भर द्या. मुलांची नावं आठवत असतील तर सोन्याहून पिवळं.

आता रेकॉर्ड ऑफिस. मराठ्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथं ‘अमक्याचा पत्ता द्या’ म्हणून लिहिलंत तर मिळणार नाही, आणि मिळूही नये. उद्या कुणीही उठून विधवांचे पत्ते मागेल. मी वापरलेला मार्ग सांगतो. माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद त्यांच्या राहत्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात असते. मंगलचं गाव सातारा जिल्ह्यातलं निघालं तर साताऱ्याच्या कार्यालयाला, महाडकडचं निघालं तर रायगडच्या कार्यालयाला साधं पत्र लिहा. त्यात पत्ता मागू नका. सोबत एक बंद पाकीट द्या आणि विनंती करा की हे पाकीट तेवढं त्या कुटुंबाला पोचवा, उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्यावर. तिथला संघटक तालुक्याच्या फेरीला जातो तेव्हा नेऊन देतो. हे त्याच्या कामात बसत नाही, पण अशा कामाला नाही म्हणणारा संघटक मी क्वचितच पाहिला. दोन-तीन महिने लागतील. मध्ये एकदा आठवण करा, दर आठवड्याला नको.

पाकिटातल्या चिठ्ठीत काय लिहावं याला फार महत्त्व आहे. सुनेच्या भाषेत ‘माझ्या सासूबाई आपल्या संपर्कात येऊ इच्छितात’ असलं काही लिहिलंत तर समोरचा मुलगा समजेल की हे पैशाचं किंवा कोर्टाचं काहीतरी आहे. सासूबाईंनी सांगावं, तुम्ही उतरवावं, शब्दाला शब्द. माझ्यासमोर एका मावशींनी सांगितलेली चिठ्ठी अशी होती: “मी जालंधरची नळाजवळची. तुझा बाळू पाण्याच्या टाकीत पडला होता तेव्हा मी काढला होता. आता तो केवढा झाला? माझे हे गेले. माझा फोन खाली लिहिला आहे, दुपारी चारनंतर कर, मला ऐकू कमी येतं तर जोरात बोल.” पत्र गेल्याच्या सातव्या आठवड्यात फोन आला. बाळूच बोलत होता.

याच्या जोडीला दुसरी वाट चालू ठेवा, ती कागदाच्या वाटेपेक्षा पुष्कळदा जलद निघते. आपल्या भागात साताऱ्याचे, कोकणातले लोक किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची कुटुंबं आहेत ती मुख्यतः पाटण-जावळी भागातली. कळवा, लोकमान्य नगर, किसन नगरात महाड-पोलादपूरची. यातल्या बहुतेक गावांचं ‘मुंबई मंडळ’ असतं. त्याचा अध्यक्ष कुठल्यातरी सोसायटीत तळमजल्यावर राहतो आणि त्याच्याकडे वर्गणीची वही असते. गावाचं नाव कळलं की ती वही गाठा. ‘आमच्या गावात फौजी कोण कोण’ हे त्याला पाठ असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर नावातच ‘मिलिटरी’ लावतं, महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे. अशा गावचं असेल तर एका फोनचं काम, फक्त एकाच आडनावाचे चाळीस जण निघतील याची तयारी ठेवा.

आणि तिसरी जागा म्हणजे पॉलिक्लिनिकचं बाकडं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) २००३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून फौजी बायका जर कुठे एकमेकींना भेटत असतील तर तिथं. सासूबाईंना औषधाला नेता तेव्हा अर्धा तास आधी जा, त्यांना बायकांच्या बाकावर बसवा आणि तुम्ही मोबाईल घेऊन लांब बसा. “तुम्ही कुठे होतात क्वार्टरला?” हा प्रश्न पाच मिनिटांत निघतो. आमच्या सौ.नं या एका प्रश्नावर जितकी माणसं शोधली तितकी मी सरकारी जावक क्रमांकानं शोधली नाहीत.

म्हणजे ट्रंक, पाकीट, गावचं मंडळ, बाकडं, या क्रमानं जा. नंबर आणि गाव हातात आल्याशिवाय पुढे सरकू नका.

आता जे माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही, त्याबद्दल. मंगल सापडेल, पण तिला सापडायचं असेल का? मुरबाडकडच्या एका बाईंना मी असंच त्यांच्या मैत्रिणीचं पाकीट घेऊन गेलो होतो. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. “भाऊ, तिला माझा नमस्कार सांगा. पण त्या क्वार्टरचं नाव मला नको.” नवरा पीत असे, मारत असे, आणि भिंतीपलीकडच्या त्या मैत्रिणीला सगळं ऐकू जायचं. जिनं सगळं ऐकलं तिच्यासमोर बसणं त्यांना नको होतं. मी परत आलो आणि मैत्रिणीला इतकंच सांगितलं की खुशाल आहेत, तब्येतीमुळे येणं-जाणं होत नाही. खोटं बोललो, त्याचं मला वाईट वाटत नाही. तेव्हा उत्तर आलं नाही तर मागे लागू नका.

मंगल हयात नसेल तर? ७४-७५ चं वय म्हटल्यावर हे धरूनच चालायचं. सासूबाईंपासून लपवू नका. पण नुसती बातमी घेऊनही जाऊ नका. मंगलच्या मुलीचा किंवा सुनेचा नंबर घेऊन जा. कल्याणच्या एका आजींची मैत्रीण चार वर्षांपूर्वीच गेली होती, पण तिची मुलगी जालंधरच्याच एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) जन्मलेली, आजींनी तिला पहिल्या दिवशी मांडीवर घेतलेलं. आजी रडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन लावून तिला तिच्या आईच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगत बसल्या. मुलीला त्यातल्या निम्म्या माहीत नव्हत्या. अजून चालू आहे ते. मात्र सासूबाईंना विस्मरणाचा त्रास असेल तर गोष्ट निराळी. मग एकच वाईट बातमी रोज नव्यानं द्यायची वेळ येऊ शकते. तिथं त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

तुम्ही प्रश्नात एक ओळ सहज लिहिलीय: ‘इतक्या वर्षांनी मंगलच का, सख्ख्या बहिणीचंही नाव एवढं घेत नाहीत.’ त्यावर माझा अंदाज सांगतो. १९८६-८७ चा हिवाळा. ऑपरेशन ब्रासटॅक्स या मोठ्या लष्करी सरावानं सरहद्दीवर ताण वाढला आणि पंजाबातल्या छावण्या रिकाम्या झाल्या. जवान रात्रीतून निघून गेले, कुठे ते सांगायची सोय नव्हती. मागे लायनीत उरल्या बायका आणि पोरं. पाटण-महाडकडच्या विशी-तिशीतल्या बायका, धड हिंदी येत नाही, थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावतं. पंजाबी बायकांकडून त्या स्वेटर विणायला शिकल्या ते याच दिवसांत. नवऱ्याची खबर म्हणजे एपीओचं पत्र, तेही आठवड्या-पंधरवड्यानं. आणि त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. अशा वेळी प्रत्येक लायनीत एक बाई असायची, सातवी-आठवी शिकलेली, जी सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहून द्यायची. कुणाचा नवरा गोड लिहितो, कोण फक्त पैशाचं विचारतो, कुणाची सासू काय कळवते, सगळं तिला ठाऊक. पण ती ओठाबाहेर काढायची नाही. सासूबाईंना एकदा विचारून बघा: मंगल पत्रं वाचून दाखवायची का? माझी खात्री आहे, हो म्हणतील. आमच्या लायनीत हे काम सौ. करायची, म्हणूनच ती म्हणाली की मंगल प्रत्येक लायनीत असते.

आता काय बदललं बघा. तार येई तेव्हा दारात पोस्टमन दिसताच बाईच्या पायातलं बळ जायचं. (फौजीकडे उलट्या दिशेनंही तारा जायच्या: ‘आई सिरियस’. सुट्टी मिळवायला एकेकाची आई वर्षातून तीनदा सिरियस व्हायची. क्लार्क म्हणून मी त्या फाइलला लावल्यात, आणि एकदा स्वतःही मागवलीय.) मग एसटीडी बूथ आले, रात्री अकरानंतर दर उतरायचा म्हणून वागळे इस्टेटच्या नाक्यावर बायका पोरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या असायच्या. रांगेत ओळखी व्हायच्या. तार जुलै २०१३ मध्ये बंदच झाली, बूथ त्याआधीच ओस पडलेले. पेन्शन बँकेत होती तेव्हा पहिल्या आठवड्यात बँकेच्या बाकावर चार बायका भेटायच्या. आता ती स्पर्शवर (पेन्शनीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) गेली, प्रयागराजहून थेट खात्यात. काम सोपं झालं, मी तक्रार करत नाही. माझ्या उमेदीचा अर्धा वेळ त्या कागदांत गेलाय. पण एकेक सोय आली तशी भेटायची एकेक जागा गेली.

आमच्या नात्यातली एक सून सध्या क्वार्टरला आहे. नवरा फिल्डला. रोज रात्री ती त्याचा चेहरा व्हिडिओवर बघते. मी विचारलं, शेजारी कोण राहतं? म्हणाली, “कोणी तमिळ आहेत वाटतं.” तिला शेजारणीची गरजच पडलेली नाही. सौ.ला हे ऐकून वाईट वाटलं, मला तितकं नाही. ज्या बाईला नवऱ्याचं पत्र दुसरीकडून वाचून घ्यावं लागत नाही ती सुखीच म्हणायची. आणि अग्निवीर झालेल्या पोरांचं तर वेगळंच. २०२२ पासूनची ही भरती, चार वर्षांची, भरती होताना अविवाहितच असावं लागतं. जे जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतील त्यांच्याच बायका क्वार्टर बघणार. म्हणजे मंगल आणि तुमच्या सासूबाई यांच्यासारखी जोडी पुढे किती घडेल कोण जाणे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, एकत्र जमण्याचा. महिन्यातून एकदा नको. पहिल्या महिन्याला वीस येतील, तिसऱ्याला सहा, आणि त्या सहांना वाटेल आपलं काहीतरी चुकलं. तीन महिन्यांतून एकदा ठेवा. जागा निवडताना आधी गुडघ्यांचा विचार करा. ठाणे-वाशी गाडी आपल्या कामाची, पण ठाण्याला नऊ-दहा नंबर फलाटावर पोचेस्तोवर म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो. त्यामुळे ठाण्याच्या बायकांना एकटं बोलावू नका, एका सुनेनं तिघींना घेऊन यायचं असं ठरवा. ऐरोली किंवा कोपरखैरणे मधलं पडतं. नवी मुंबई महापालिकेची ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथं विचारा. तळमजला आणि जवळ स्वच्छतागृह या दोन गोष्टी स्वतः जाऊन बघा. अकरा ते तीन. गणपतीत आणि शिमग्यात ठेवू नका, सगळं कोकण गावाला असतं.

आणि हळदीकुंकू ठेवू नका. हे मी शिकलोय ते माझ्या स्वतःच्या मूर्खपणातून. २००६ च्या जानेवारीत कळव्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी फौजी कुटुंबांचा मेळावा घेतला. संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस, बायका येतील कशाला तर हळदीकुंकवाला, असा माझा हिशोब. चाळीसेक बायका आल्या. दारात करंडा घेऊन दोघी उभ्या. एक बाई आत आल्या, करंडा पाहिला, पदर खोचला आणि म्हणाल्या, “मी चहाचं बघते.” मग दुसरी म्हणाली, मी कप विसळते. पंधरा मिनिटांनी मी स्वयंपाकघरात डोकावलो तर आत एकवीस विधवा दाटीवाटीनं उभ्या, आणि बाहेर खुर्च्यांवर सवाष्णी. ज्यांच्यासाठी मेळावा घेतला त्या कप विसळत होत्या. त्यातल्या एकीचा नवरा लष्करी कारवाईत गेलेला. कुणी काही बोललं नाही. रात्री घरी सौ. बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षापासून फक्त तिळगूळ. गजऱ्यांची टोपली टेबलावर, ज्याला हवा त्यानं घ्यावा. पहिल्या वर्षी गजरे उरले, तिसऱ्या वर्षी कमी पडले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनंही त्याच महिन्यात इतर गावांना तसं करायला सांगितलं, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, “आमचा ठराव टोपलीनं केला.” तारीख ठरवताना एवढं बघा की १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन असतो, १९५३ साली याच तारखेला फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले होते. त्या दिवशी पुरुष मंडळी शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांना जातात. तुम्ही पुढचा रविवार धरा.

तरी नुसत्या तिळगुळावर माणसं दोन वर्षांच्या पुढे येत नाहीत. यायला काम लागतं. सगळ्यांचं सारखं असलेलं एक काम आहे, ते म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबरमधली भेट त्यासाठीच ठेवा. म्हाताऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे भांडी घासून घासून पुसलेले असतात, मशीनवर उमटत नाहीत. आता चेहऱ्यावरून दाखला देणारं ॲप आहे, ते जमणाऱ्या दोन सुना बसवा. वीस बायकांचं काम तासाभरात होतं, उरलेला वेळ त्यांचा. आणि भेटींच्या मधल्या महिन्यांत प्रत्येकीनं ठरलेल्या दोघींना फोन करायचा, ‘गोळ्या घेतल्या का’ एवढंच विचारायला. ग्रुप काढलात तर तो बायकांच्या स्वतःच्या नंबरांचा काढा आणि कागदाच्या वहीत नाव, हाकेचं नाव, गाव, क्वार्टर आणि एका मुलाचा नंबर लिहून ठेवा. फोन हरवतो, वही सहसा हरवत नाही.

ग्रुपवर दोन गोष्टी सक्त बंद: कुणाचाही पीपीओ, आधार किंवा बँकेचा फोटो टाकायचा नाही, आणि मुलगा-नातू सध्या कुठे तैनात आहे ते लिहायचं नाही. ‘स्पर्श अपडेट करा’ म्हणून लिंक आली तर उघडायची नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात अशा एका लिंकेवर वर्षभराची पेन्शन गेली.

पहिला फोन लागेल तेव्हाचं एक सांगून थांबतो. लगेच व्हिडिओ लावू नका. पस्तिशीत पाहिलेला चेहरा एकदम पंचाहत्तरीत दिसला की माणूस गोंधळतो, बोलणंच खुंटतं. आधी नुसता आवाज. आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. कोपरखैरण्यात दोघींची भेट घडवली होती तेव्हा मी मूर्खासारखा समोर बसून राहिलो. दहा मिनिटं दोघी माझ्याशीच बोलत होत्या, पोरांच्या नोकऱ्या, फ्लॅटचे भाव. मी पाणी प्यायला उठलो, आणि मागून आवाज आला, “ती पितळी परात अजून माझ्याकडेच आहे गं, तू मागितलीच नाहीस.” मग मी आतच थांबलो.

ट्रंकेवरचा नंबर सापडला की इथे जाहीर टाकू नका, मला निरोपात पाठवा. गावाचं नाव मात्र इथे लिहा, वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तरी ते असेल. आणि सौ. विचारतेय, जालंधरच्या बायका स्वेटरच्या गळ्याला जी वीण घालायच्या ती सासूबाईंना आठवते का. तिचा एक अर्धा राहिलाय.